आखाजीपासून पांझराकाठी तरुणांचं सेंद्रिय शेती प्रशिक्षण : हातभार लावा

सप्रेम नमस्कार.

धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात पांझरा नदीच्या काठच्या काही गावांतले शेतकरी आणि बचत गटांतल्या बाया मिळून आम्ही एक काम हाती घेतलं आहे. येत्या आखाजीपासून (अक्षय्य तृतीयेपासून) दिवाळीपर्यंत वीस तरुण मुलं-मुली एका शेतावर एकत्र राहतील, तिथेच पिकवतील, तिथलंच खातील आणि दिवाळीनंतर आपापल्या गावी जाऊन सेंद्रिय शेतीचा गट उभा करतील. शेत मिळालं आहे, विहिरीला पाणी आहे, मुलं-मुली ठरली आहेत. पैसा आणि सामान कमी पडतंय, म्हणून हे आवाहन.

आपल्याकडे सेंद्रिय शेतीची शिबिरं काय कमी झाली? 200 लिटर पाणी, 10 किलो शेण, गोमूत्र, गूळ, बेसन, बांधावरची मूठभर माती, हे जीवामृताचं, म्हणजे घरी बनवायच्या पातळ खताचं, माप आता शाळकरी पोरसुद्धा सांगेल. निळे ड्रमही घरोघरी आहेत, फक्त त्यात नळाचं पाणी साठवलेलं असतं. माहिती पोचली आणि काम तिथेच अडलं. एकट्याने सेंद्रिय करायला गेलं की शेजारच्या रानातली फवारणी वाऱ्याबरोबर आपल्या पिकावर येते. पहिल्या वर्षी उतारा घटला की घरातलेच बोलायला लागतात. कपाशी करायची तर बीटी, म्हणजे जनुक बदललेलं बियाणं, चालत नाही, सेंद्रियच्या नियमात ते बसत नाही आणि बिगर-बीटी बियाणं दुकानात मागितलं तर दुकानदार आपल्याकडेच बघत राहतो. पीजीएसचं, म्हणजे शेतकरी गटाच्या हमीवर मिळणारं, सेंद्रिय प्रमाणपत्र हवं तर निदान पाच शेतकऱ्यांचा गट लागतो, कारण त्यात शेतकरीच एकमेकांची शेतं तपासतात. व्यापाऱ्याकडे एकच पोतं घेऊन गेलं तर तो भाव तरी कशाला देईल?

म्हणजे अडलंय ते गट बांधणाऱ्या माणसावाचून. ड्रम अनुदानावर मिळतो, असा माणूस तसा मिळत नाही.

हे आपल्याला नवं आहे असंही नाही. पांझरेवरच्या फड पद्धतीचे जुने बंधारे तीन-चारशे वर्षांचे सांगतात. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड, म्हणजे मोठे भाग, पाडलेले. एका फडात सगळ्यांचा ऊस, दुसऱ्यात सगळ्यांचा गहू किंवा बाजरी, आणि दर साल पिकांची फिरवाफिरव. ज्याचं त्याचं पीक ज्याच्या त्याच्या मर्जीने नव्हतं. पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या, वर पंच, आणि ही सगळी माणसं शेतकऱ्यांनीच नेमलेली. पाऊस कमी झाला तर त्या साली भिजवायचे फड कमी करायचे. पाणी नाही म्हणून एकट्याचं वाळलं आणि दुसऱ्याचं पिकलं, असं व्हायचं नाही. पुढे घरोघरी विहिरी आणि मोटारी आल्या, वर धरणं झाली आणि पाटकऱ्याचं काम संपलं. मोटारीला आमचा विरोध नाही, आमच्याही शेतात आहेत. पण बटण दाबलं की पाणी आलं, त्यामुळे चार लोकांनी बसून ठरवायची सवय मोडली ती मोडलीच.

ती सवय पुन्हा लागू शकते, याचं उदाहरण आपल्याच तालुक्यात आहे. बारीपाड्यात चैत्राम पवारांनी गावाला घेऊन उजाड डोंगर राखला, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळली, तोडणाऱ्याला दंड लावला. जंगल उभं राहिलं, विहिरींना पाणी टिकलं, आज तिथली वनभाज्यांची स्पर्धा बघायला लांबून लोक येतात. 2025 साली त्यांना पद्मश्री मिळाली. वृक्षलागवड तर दरसाल सगळीकडेच होते. तिथलं जगलं ते राखण गावाने केली म्हणून.

आणि दुसरं उदाहरण पार जपानचं. तिथे तोचिगी प्रांतात 1973 पासून एशियन रूरल इन्स्टिट्यूट नावाची संस्था आहे, तोशिहिरो ताकामी यांनी काढलेली. आशिया-आफ्रिकेतल्या खेड्यांत काम करणारी माणसं तिथे नऊ महिने राहतात, आपल्या भारतातूनही अनेक जण जाऊन आलेत. स्वतःचं अन्न स्वतः सेंद्रिय पद्धतीने पिकवायचं, आणि शेताचं, गोठ्याचं, स्वयंपाकघराचं काम शिकणाऱ्याने करायचं तसंच शिकवणाऱ्यानेही. पुढारी व्हायचं तर आधी दुसऱ्यासाठी राबता आलं पाहिजे, हा तिथला धडा. ताकामींना त्याबद्दल 1996 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मार्च 2011 च्या भूकंपात त्यांच्या इमारतींचं नुकसान झालं, वर फुकुशिमाच्या अणुभट्टीतली किरणोत्सारी धूळ त्यांच्या मातीत उतरली. सेंद्रिय शेती शिकवणाऱ्यांवर याहून वाईट वेळ ती कोणती? ते उठून गेले नाहीत. धान्य-भाजी तपासायची यंत्रं बसवली आणि आजूबाजूच्या लोकांचं अन्नही मोजून द्यायला लागले. आपल्या मातीचं दुखणं वेगळं आहे. पण आधी मोजायचं आणि मग दुरुस्त करायचं, हा क्रम आम्ही त्यांच्याकडून उचललाय.

म्हणून आमच्याकडेही पहिले आठ दिवस फक्त माती बघायची. त्याला प्रयोगशाळा लागत नाही. शेत दाखवायला मुलांना बोलावलं, तेव्हा दोन काचेचे पेले पाण्याने भरून ठेवले होते. एका पेल्यात वर्षानुवर्षं कपाशी घेतलेल्या रानातलं वाळलेलं ढेकूळ सोडलं, दुसऱ्यात त्याच शेताच्या बांधावरचं, निंबाखालचं. कपाशीच्या रानातलं चहात बुडवलेल्या टोस्टासारखं बघता बघता विरघळलं आणि पाणी गढूळ झालं. निंबाखालचं तसंच बसून राहिलं, त्यातून नुसते हवेचे बुडबुडे येत होते. जमीन एकच, फरक फक्त पालापाचोळ्याचा आणि मुळांचा. एक पोरगी म्हणाली, "म्हणजे पहिल्याच पावसात आमची माती पांझरेत जाते." तिला पुढे काही शिकवायची गरज पडली नाही.

दिवाळीपर्यंत प्रत्येकाने दहा गुंठ्यांचा तुकडा सांभाळायचा. कंपोस्ट, गांडूळखत, निंबोळी अर्क, मक्यावरची लष्करी अळी, कपाशीवरच्या बोंडअळीला कामगंध सापळे, हे ओघाने येईलच. त्याइतकाच वेळ दुसऱ्या कामाला ठेवला आहे : ग्रामसभेत ठराव मांडणं, गटाचा हिशेब लिहिणं, बांधावरून भांडणारे दोन भाऊ एका ओट्यावर बसवणं, पिंपळनेरच्या बाजारात सगळ्यांचा कांदा एकत्र विकणं. स्वयंपाकाची पाळी सगळ्यांना, मुलांनाही. यावर एका मुलाच्या वडिलांनी नाक मुरडलं होतं. मुलगा येतोय.

वीस जणांत अकरा मुली आहेत, याचा आम्हाला आनंद आहे. निंदणी, खुरपणी, बियाणं राखणं हे बाया करतात आणि शिबिराला जातात बाप्ये, हा प्रकार आता पुरे.

आता मागणं.

एका मुलाचा जेवणखाण, प्रवास आणि शिकवणीचा खर्च महिन्याला 4,000 रुपये धरला आहे. वीस जणांचे सहा महिन्यांचे 4 लाख 80 हजार होतात. ज्वारी-बाजरी, डाळ आणि तेल गावांनी कबूल केलंय, तेवढा भार त्यातून कमी होईल. कुणी एका मुलाचा एक महिना उचलला तरी चालेल, चौघांनी मिळून उचलला तरी चालेल.

सगळ्यात मोठी नड कुट्टी यंत्राची आहे. पऱ्हाट्या (कपाशीच्या वाळलेल्या काड्या) बांधावर पेटवायच्या नाहीत असं सांगणं सोपं, पण बारीक केल्याशिवाय त्या कुजत नाहीत आणि कोयत्याने तोडत बसायला मजूर मिळत नाहीत. जुनं चालू यंत्र असलं तरी द्या, हंगामापुरतं वापरायला दिलं तरी घेऊ. शेडसाठी पत्रे लागतील. एक दुभती देशी गाय दान मिळाली तर फार बरं, चाऱ्याची सोय आम्ही करू.

बियाणं हवं आहे. घरच्या उतरंडीत किंवा कणगीत राखलेली दादर ज्वारी, भरिताचं वांगं, देशी तूर, मठ, कुळीथ, बिगर-बीटी कपाशी, जे असेल ते पसाभर द्या. कोणत्या गावचं आणि किती वर्षांपासून घरात आहे, एवढं चिठ्ठीवर लिहा. पुढच्या वर्षी दुप्पट करून परत देऊ.

वेळही द्या. फडावर पाटकरी म्हणून काम केलेले कुणी म्हातारे बाबा असतील, तर त्यांना दिवसभर आमच्याकडे आणा. त्यांच्या चहा-जेवणाची आणि घरी पोचवायची जबाबदारी आमची. निवृत्त कृषी सहायक, बँकेतले, हिशेब जाणणारे, यांनीही जमेल तसा दिवस काढावा.

काही गोष्टी मात्र नकोत. जुने कपडे पाठवू नका, ही मुलं गरजू म्हणून आलेली नाहीत. रासायनिक खतं-औषधं विकणाऱ्यांकडून देणगी घ्यायची नाही, असा आमचा ठराव झालाय. शेडवर कुणाच्या नावाची पाटी लागणार नाही, आणि उद्घाटनाला सत्कार, शाल-श्रीफळ नाही.

मदत गावातल्या बचत गटाच्या अध्यक्षांकडे द्यावी आणि पावती घेतल्याशिवाय उठू नये. बाहेरगावच्यांनी, पुण्या-मुंबईच्या, सुरतेच्या आपल्या माणसांनी, हे आवाहन ज्याच्याकडून आलं त्या ओळखीच्या माणसाकडूनच खाते क्रमांक घ्यावा. तो इथे मुद्दाम दिलेला नाही, फसवणुकीचे प्रकार फार वाढलेत. 80-जीचं प्रमाणपत्र आमच्याकडे नाही, त्यामुळे करसवलत मिळणार नाही, हे आधीच सांगतो. हिशेब दर अमावास्येला मारुतीच्या पारावर वाचला जाईल. पैसे दिले असोत वा नसोत, कुणीही यावं आणि विचारावं.

आखाजीला माहेरी येणाऱ्या लेकीबाळींनी आणि गावी येणाऱ्या नोकरदारांनी एक चक्कर शेतावर टाकावी. त्या दिवशी आंब्याचा रस आणि पुरणपोळी आहे. पंगत सगळ्यांना खुली.

आपले,
पांझराकाठचे शेतकरी आणि बचत गटांच्या बाया