मालदांडीचा भाव

प्रिय दत्ता,

स. न. वि. वि. वगैरे. तुझं पत्र गणपतीत आलं आणि उत्तर निघतंय संक्रांत उलटल्यावर. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येती बऱ्या आहेत. माझी बीपीची गोळी चालू, हिचे गुडघे कुरकुरतात, बाकी काही नाही. फोनच करणार होतो, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. ती खोड शेतकरी संघटनेच्या चाकणच्या कांदा आंदोलनापासूनची आहे.

भोगीच्या आदल्या दिवशी दुकानात बाजरी-तिळाची झुंबड होती. त्या गर्दीत मालनबाई आल्या. वस्तीत राहतात, चार घरी पोळ्या लाटतात, मूळच्या करमाळ्याकडच्या. दवाखान्यात साखर निघालीय आणि डॉक्टरीणबाईंनी ज्वारीची भाकरी खायला सांगितलीय म्हणाल्या. ज्वारीच्या पोत्यात हात घालून त्यांनी मूठभर दाणे घेतले, फुंकले, एक दाणा दाढेखाली फोडला. ‘‘मालदांडी हाय.’’ मी म्हटलं, मंगळवेढ्याची. ‘‘आमच्याकडं सालगड्याला पोत्यानं द्यायचे ही.’’ मग भाव विचारला. मी अडुसष्ट सांगितला. त्यांनी मूठ पोत्यावर अलगद उघडली, बाहेर सांडलेले दोन-तीन दाणे वेचून परत आत टाकले आणि दहाचा बिस्किटपुडा, पामतेलाची पिशवी, चहाची पुडी घेऊन गेल्या. उधार मागितली असती तर मी दिली असती. त्यांनी मागितली नाही.

हे मी हिला सांगितलं. ती म्हणाली, द्यायची होतीस की किलोभर तशीच. पोराला सांगितलं, तर तो म्हणाला, बाबा, मार्जिन बघा. त्या दोन-तीन दाण्यांचं काय ते तुलाच कळेल. 72 साली रेशनवर आलेल्या अमेरिकेच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी तुझ्या आजीने गाईपुढे टाकली होती आणि गाईनेही तोंड फिरवलं होतं, हे तूच शंभरदा सांगितलं आहेस. (दरवेळी गाय वेगळी असते, ते असो.)

माझ्याकडची ज्वारी आता टॉवरमधले फ्लॅटवाले नेतात. गाडी चालू ठेवून येतात, भाव न विचारता पाच किलो घेतात, कारण डाएटिशियनने सांगितलंय. आपल्या लहानपणी भाकरी गड्याची आणि पोळी मालकाची होती. आता पोळी मालनबाईंची झाली, तीही रेशनच्या फुकट गव्हाची. रेशनला मी नावं ठेवत नाही. 72 पाहिलेल्या माणसाने ठेवूही नयेत. 2013 चा अन्नसुरक्षा कायदा झाला तेव्हा तांदूळ तीन रुपये, गहू दोन आणि भरड धान्य एक रुपया किलो होतं, 2023 पासून सगळं फुकट. ऐंशी कोटी माणसं त्यावर आहेत. पण त्यातलं भरड धान्य कागदावर जेवढं दिसतं तेवढं पिशवीत पडत नाही. ज्वारी कधीमधी येते, गहू-तांदूळ दर महिन्याला.

आणि तो बिस्किटपुडा बघ. मैदा, साखर, पामतेल. गव्हाला पंजाब-हरियाणात सरकार गिऱ्हाईक म्हणून उभं असतं. उसाला एफआरपी, म्हणजे कारखान्याने द्यायचाच असा किमान दर, 2025-26 च्या हंगामाला टनाला 3550. पामोलीनची आयात 1994 ला खुली झाली. आता महागाई वाढली की आधी तेलावरचं आयात शुल्क उतरतं, 2025 च्या मेमध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ शुल्क 20 चं 10 टक्के झालं. तुमच्या रानात ज्वारीच्या पाटातून करडई असायची, घाण्याचं तेल डब्यातून यायचं, तिला कोणी वाली उरला नाही. वर त्याच वर्षी सप्टेंबरात बिस्किटावरचा जीएसटी 18 वरून 5 वर आला. ज्वारीची आठवण मायबाप सरकारला खरी झाली ती 2007 ला, धान्यापासून दारू गाळायच्या धोरणात.

आता तू शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला काढणार. ‘सबसिडी सबसिडी काय करतोस, पाचाच्या पुड्यात शेतकऱ्याच्या वाट्याला पैसे किती येतात ते सांग.’ मान्य, फार थोडे. अमेरिकेतही हेच. आमची मुक्ता आयोवात आहे, तिथे नजर पोचेल तिथवर मका, आणि ती माणसाने भाजून खायची नव्हेच. डुकरांना, इथेनॉलला आणि पाकाला. सत्तरच्या दशकात त्यांचा शेतीमंत्री अर्ल बट्झ सांगत फिरला, बांधाला बांध भिडवून पेरा. तिकडे आयातीवर कोटा लावून साखर महाग ठेवली, इकडे मका उदंड. मग मक्याचा गोड पाक निघाला आणि 1984 ला कोक-पेप्सी दोन्ही त्यावर गेले. पण बाटलीच्या किमतीत मक्याचा खर्च नखाएवढा. उद्या अनुदान बंद केलं म्हणून ती महाग होणार नाही, इथवर तुझं खरं.

पण माझं म्हणणं भावाचं नाहीच. खात्रीचं आहे. दरवर्षी एवढा गहू, एवढी साखर, एकसारखी, येणारच, ही खात्री असली की कारखाना उभा राहतो, पुडा सहा महिने टिकतो, लडी माझ्या दारात लटकते आणि टीव्हीवर पोरं नाचतात. ज्वारीचं पीठ फार दिवस टिकत नाही, भाकरी गरम थापावी लागते. चार घरच्या पोळ्या लाटून आलेल्या बाईने रात्री नऊला परातीत हात घालायचा? केईएम हॉस्पिटलच्या डॉ. याज्ञिकांनी 1993 पासून आपल्याच पुण्याच्या आसपासच्या खेड्यांतली बाळं मोजली. सरासरी पावणेतीन किलोच्या आतली, हातपाय काटकुळे आणि चरबी मात्र धरलेली. अशा देहाला मधुमेह लवकर गाठतो, आणि त्यावर हा पुडा पडतोय. 2023 च्या पाहणीत देशात दहा कोटींवर मधुमेही निघाले. त्यांना ‘तोंडावर ताबा ठेवा’ सांगणाऱ्यांनी एक दिवस माझ्या गल्ल्यावर बसावं.

आणि तू! उजनीचं पाणी आलं आणि मंगळवेढ्याच्या काळ्या रानात तू ऊस घातलास. त्यावरून आपण सहा महिने बोललो नव्हतो. आता हिशोब मीच मांडून देतो: एकरी चाळीस टन, 3550 ने एक लाख बेचाळीस हजार, तोडणी-वाहतूक जाऊ दे. मालदांडीचा 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 3749, कोरडवाहू सहा क्विंटल धरले तरी साडेबावीस हजार, आणि तो भाव तरी कोण देतंय? पाखरं राखा, काढणीला बाया मिळत नाहीत. तुझ्या जागी मीही ऊसच घातला असता. पण मग ‘बाजार मोकळा सोडा’ म्हणायचं नाही. तुझा बाजार साखर कारखान्याच्या गेटवर संपतो.

बरं, वहिनींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्याचं बापूकडून कळलं. पूजाचं जमलं का? स्थळ पुण्यातलं असेल तर चौकशी करतो. उसाला तोड मिळाली का? तोडीची चिठ्ठी देणाऱ्या कारखान्याच्या चिटबॉयला काय दिलंस ते मात्र पत्रात लिहू नकोस.

आता काम. विहिरीकडचे दोन एकर यंदाच्या तुटीनंतर मोकळे होतील ना? बुडख्यांतून पुन्हा ऊस फुटू देऊन खोडवा ठेवू नकोस. पावसाळ्यात पड ठेव, सप्टेंबरात मालदांडी टाक, पाटाला करडई. खळ्यावरून पंचेचाळीसने मी उचलतो, टेम्पोचं भाडं माझं, कडबा तुझा. तोटा आला तर अर्धा माझा, तसं लिहून देतो. वस्तीतल्यांना पन्नासला विकीन आणि शेजारची गिरणीवाली म्हणते, रोजच्या रोज ताजं पीठ काढून देईन. टॉवरवाल्यांना काय भाव लावायचा ते तू सांग, तो बाजार तुझा.

होळीच्या आत कळव. फोन कर, या वेळी मला बोलू दे.

तुझा,
अनंता