मागच्या शिडीवर कोण उभं असतं?

वाळपई,
शुक्रवार, रात्री

चि. बाय हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल सांजवेळी तुझ्या आतेचा थोरला येऊन गेला. आम्हाला ठाऊक असेल असं समजून चहा पिता पिता सहज बोलला, की गेल्या आठवड्यात बायने रात्री काम बंद पाडलं. पहाटेपर्यंत किरणांचा एक शॉट, म्हणजे जोडाचा एक फोटो, घेऊ दिला नाही. फोरमन अंगावर ओरडत आला तरी दोरी सोडून हलली नाही. तुझी आई त्याच्यासमोर गप्प बसली. तो गेल्यावर मला म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं?" मला माहीत नव्हतं. मंगळवारी फोनवर तू पावसाचं बोललीस, आजीच्या डोळ्यांत घालायच्या थेंबांचं विचारलंस, आणि हे तेवढं गाळलंस.

रागावून लिहीत नाही. फोनवर मी दोन वाक्यं बोललो की तू "बाबा, मला माझं काम येतं" म्हणतेस. ते खरंच असतं, मग माझं बोलणं तिथेच खुंटतं. तुला काम येत नाही असं माझ्या मनात कधी आलेलं नाही. मला एकच विचारायचं आहे, ते कागदावर विचारतो. त्या मागच्या शिडीवर कोण उभं होतं?

थोरल्याने जे सांगितलं त्यावरून मी असं समजलो. टाकीच्या खालच्या अंगाला वेल्डिंगच्या जोडांचे किरणांनी फोटो घ्यायचे होते. तुम्ही दोरी बांधली, लाल दिवा लावला, पाट्या लावल्या, किरणं मोजायचं मीटर घेऊन कडेने फिरलात. सगळं रीतसर. आणि तुझा माणूस कॅमेऱ्यातला किरणांचा सोर्स बाहेर ढकलणारी क्रँक फिरवणार एवढ्यात तुला वर परांचीवर बॅटरीचा उजेड हलताना दिसला. कोणी पोरगा विसरलेला ग्राइंडर आणायला पलीकडच्या शिडीने वर चढला होता. तू हात वर केलास, किल्ली काढून खिशात टाकलीस आणि म्हणालीस, त्या शिडीवर माणूस मिळाल्याशिवाय पुढे काही होणार नाही. फोरमन म्हणाला, "बाय, दोनूच मिनटां." माणूस मिळाला नाही, काम झालं नाही.

बाय, हे ऐकताना माझी छाती भरून आली. आणि त्याच वेळी हातपाय गार पडले. दोन्ही एकाच वेळी कसं होतं ते मला सांगता येणार नाही. तू आई झालीस की तुला कळेल.

सुरुंगाच्या कामात माझी पहिली दोन वर्षं बावटा धरण्यातच गेली, हे तुला माहीत आहे. पण काजूच्या दिवसांत घडलेली ती गोष्ट तुला कधी सांगितली नसावी. लहान होतीस, आणि पुढे विषय निघाला नाही. आमच्या त्या खडीच्या खाणीला तीन वाटा होत्या. टिपरचा रस्ता, ओहळाकडची पाऊलवाट, आणि मागून काजूच्या बागेतून येणारी एक चिंचोळी वाट, जिचा उपयोग बोंडू गोळा करणाऱ्या बायकांशिवाय कोणी करत नसे. सुरुंग लावायच्या आधी तिन्ही वाटांवर लाल बावटा घेऊन एकेक माणूस. शिटी व्हायची, तिन्हीकडून आरोळी यायची, मग वात. त्या दिवशी बागेकडच्या वाटेवरच्या माणसाला मुकादमाने टिपर रिकामा करायला बोलावून घेतलं. तिथे कोण येतंय, म्हणाला. आली. बोंडू वेचणाऱ्या बाईच्या खांद्यावर दगड बसला. जीव वाचला, पण तो हात पुढे कधी डोक्याच्या वर गेला नाही. टोपली डाव्या हाताने उचलायची. तिचा मुलगा पुढे तुझ्याच वर्गात होता.

त्या दिवसापासून एक गोष्ट मी डोक्यात पक्की धरून आहे. वाटेवर उभा असलेला माणूस बघणाऱ्याला रिकामा दिसतो. बाकी सगळे घाम गाळतात, आणि हा नुसता उभा. म्हणून कुठे हात कमी पडला की पहिल्यांदा त्यालाच उचलतात. वाईट हेतूने नाही, कामाच्या घाईत. आणि उचलतात तेही कमी वापराच्या वाटेवरचा. मुख्य दारावरचा माणूस कोणी हलवत नाही, ते सगळ्यांच्या नजरेसमोर असतं.

आमच्या सुरुंगाचा निदान आवाज व्हायचा, धूर दिसायचा. दगड कुठे पडला ते कळायचं. तुझ्या कामात काहीच नाही. ना आवाज, ना वास, ना चटका. तू घरी ठेवून गेलेली निळी वही मी वाचतो. तुझी परवानगी विचारली नाही, पण कपाटात धूळ खात पडली होती, आणि मला वाचल्याशिवाय राहवलं नाही. त्यातली गणितं मला येत नाहीत, पण तू कडेला मराठीत लिहिलेलं कळतं. सोर्सपासूनचं अंतर दुप्पट झालं की किरणांचा मारा चौथाई, हे मी तुझ्या आईलाही समजावलं. तुमच्या सोर्समधला इरिडियम ७४ दिवसांत निम्मा होतो, हेही. म्हणजे चवथीला जो नवा सोर्स येणार म्हणतेस, तो तुळशीचं लग्न होऊन आठवडा उलटेपर्यंत अर्धा झालेला असेल. मग त्याच जोडाला दुप्पट वेळ लागणार, रात्र लांबणार, आणि लोकांचा धीर तेव्हाच सुटणार. सोर्स म्हातारा झाला की दोरीपाशी जास्त जपायला हवं, असं मला वाटतं. ताकद कमी झाली म्हणून लोक सैल होतील. चूक असेल तर सांग.

वहीत एका पानावर तू ३७ क्युरी ताकदीच्या सोर्सचा हिशेब मांडला आहेस. उघड्या सोर्सपासून एक मीटरवर साधारण २० सेकंदांत १ मिलिसिव्हर्ट मारा. आणि त्याखाली लाल शाईने, की सामान्य माणसाची वर्षाची मर्यादा तेवढीच, १. तुमच्यासारख्या किरणं मोजणारा बॅज लावणाऱ्यांना पाच वर्षांच्या सरासरीने २०, आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. मी ते पान वाचलं आणि फोरमनच्या दोन मिनिटांचा हिशेब केला. तो पोरगा मीटरभरावर आला नसता, परांचीवर बराच दूर होता, मध्ये लोखंड होतं, तुम्ही सोर्सच्या तोंडाला किरणं एकाच दिशेला सोडणारा कॉलिमेटर लावता, हे मला समजतं. तरी हिशेब केला. दोन मिनिटांत वर्षाच्या पाचपटीहून जास्त. त्या पोराला बॅजही नाही. आणि तुझा बॅज तरी काय, तो झाल्यानंतर सांगतो. जागेवर सांगतं ते मीटर. ते हातात असू दे, पेटीत नको. शॉट संपल्यावर कॅमेऱ्यापर्यंत आणि नळीच्या टोकापर्यंत मीटर धरूनच जायचं, क्रँक पूर्ण फिरली म्हणजे सोर्स आत गेला असं धरायचं नाही, हे सगळं...

हे सगळं तू मला शिकवलंस आणि मीच तुला सांगत बसलो आहे. माफ कर. म्हाताऱ्या माणसाची खोड.

पण त्या पेरू देशातल्या वेल्डरची गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. तू सांगितलीस तेव्हा आपण पेज जेवत होतो आणि तुझी आई ताट ठेवून उठली होती. १९९९ साल, विजेचं धरण, कॅमेऱ्यातून सुटलेला सोर्स खाली पडलेला, आणि त्याने धातूचा तुकडा म्हणून उचलून पँटच्या मागच्या खिशात टाकला. घरी बायकोमुलांत गेला. रात्री फिल्म कोरी निघाली तेव्हा बाकीच्यांना कळलं. पाय कापावा लागला. आणि मोरोक्कोत १९८४ साली तर सोर्स घरी गेला आणि आठ माणसं गेली, कशाने जाताहेत ते सुरुवातीला कोणाला कळलंच नाही. मी विचार करतो तो त्या वेल्डरचा. त्याला कोणी काही सांगितलं होतं का? सांगणारं कोणी जवळ उभं होतं का? तो काही चोर नव्हता. कामावर पडलेली वस्तू उचलली, आपण सगळे उचलतो. मीही खिशातून घरी नट-बोल्ट आणलेले तू पाहिले आहेस.

म्हणून तू त्या रात्री जे केलंस ते बरोबर केलंस. हे मला स्पष्ट लिहायचं होतं, आणि पानभर इकडचं तिकडचं लिहून आता लिहितो आहे. बरोबर केलंस. त्या पोराच्या आईला हे कधी कळणार नाही.

भीती वाटते ती पुढच्या वेळेची. तुझा स्वभाव मला माहीत आहे. माणूस मागशील, मिळणार नाही, दुसऱ्यांदा काम अडवायला जड जाईल, आणि तू म्हणशील, ठीक आहे, मीच शिडीवर उभी राहते. दहावीत स्नेहसंमेलनाला पडदा ओढायला पोरगा आला नाही तेव्हा नाटकातलं काम करून पडदाही तूच ओढलास. तिथे ते शोभलं. इथे नाही. तू शिडीवर गेलीस की क्रँकवाल्याकडे कोण बघणार? मीटर कोणाच्या हातात? तू आरएसओ, म्हणजे किरणांच्या सुरक्षेची अधिकारी आहेस, अणुऊर्जा नियामक मंडळाने तुझ्या नावाला मान्यता दिली आहे ती सगळीकडे नजर ठेवण्यासाठी, एका जागी अडकून पडण्यासाठी नाही. वाटेवरचा माणूस वेगळाच हवा, आणि तो कामाच्या आधी कागदावर नावानिशी लिहिलेला हवा. नाव लिहिलेला माणूस उचलायला मुकादमालाही दोनदा विचार करावा लागतो. कोऱ्या जागी "एक हेल्पर" लिहिलं तर तो हेल्पर टिपरकडे गेलाच म्हणून समज.

पुन्हा तेच. आई मघापासून म्हणते आहे, दिवा मालवा.

तिचं वेगळंच चाललं आहे. डिचोलीच्या त्या स्थळाकडून निरोप आला होता. मुलगा बरा आहे, पण त्याच्या मावशीने विचारलं, किरणांत काम करते, पुढे मूलबाळाचं काय? आईचं तोंड उतरलं. मी उत्तर दिलं, ते तुला आवडेल की नाही ठाऊक नाही. म्हटलं, आमची मुलगी वर्षाला किती घेते त्याचा हिशेब सरकारदरबारी नोंदलेला असतो, तुमच्यापैकी कोणाचा आहे? आणि दिवस गेल्याचं कळवलं की उरलेल्या महिन्यांत पोटातल्या बाळाला १ मिलिसिव्हर्टच्या वर लागू द्यायचं नाही असा नियम आहे. हे मी तुझ्या वहीतूनच सांगितलं. मावशी गप्प झाली. लग्नाचा निर्णय तुझा, मी त्यात पडत नाही. पण आईने सातेरीला नवस केला आहे तो लग्नासाठी आहे की तुझ्या नोकरीसाठी, ते ती मला सांगत नाही.

तुला मुंबईच्या कोर्सला सोडायला आलो होतो तेव्हा वर्गात तू एकटी मुलगी होतीस. मी बाहेर बाकावर बसलो होतो. एका मुलाच्या वडिलांनी विचारलं, तुमच्या मुलीला हे असलं रात्रीचं काम कशाला? मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. आता सुचतं. कोणीतरी तिथे उभं राहून नाही म्हणायला हवं ना. ते माझ्या मुलीने म्हटलं.

तुझ्यावर कोणी तक्रार केली असेल, किंवा ठेकेदार पुढच्या कामाला दुसरा माणूस आणतो म्हणाला असेल, तर ते तेवढं आमच्यापासून लपवू नको. तुझा पगार घरात लागतो म्हणून गप्प राहशील तर तसं नको. बाबूची फी सुपारीच्या पैशातून भरली जाईल. यंदा कुळागराला पाऊस चांगला मानवला आहे, फळगळ फार नाही.

चवथीला निदान दोन दिवस ये. गणपतीवर टांगायच्या माटोळीची फळं बांधायला यंदा मला शिडीवर चढू देत नाहीत, गुडघ्यामुळे. बाबूला गाठी मारता येत नाहीत. आजी रोज विचारते.

हे पत्र मिळालं की फोन कर, आणि तेव्हा पावसाचं सांगू नको. एवढंच सांग, की पुढच्या कामाच्या कागदावर मागच्या शिडीसाठी नाव लिहिलं का, आणि ते कोणाचं.

तुझे,
बाबा

ता. क. आतेच्या थोरल्यावर रागावू नको, त्याला वाटलं आम्हाला माहीत आहे. रविवारी तो परत जातो, त्याच्याबरोबर आई तांदूळ आणि आमसुलं पाठवते आहे. रिकामे डबे त्याच्याकडेच दे, मागचे तीन अजून तिथेच आहेत.