एक लॅपटॉप, दोन डीफॉल्ट

ती. आई-बाबांना,

सा. नमस्कार.

फाइल कोणत्या फॉरमॅटमध्ये सेव्ह व्हावी यावरून तुम्हा दोघांत जे चाललंय, त्याचा निकाल फोनवर लागायचा नाही. बाबांचं म्हणणं, डॉक, म्हणजे वर्डची जुनी फाइल, लावून ठेवा, ती कुठेही उघडते. आईचं म्हणणं, त्यात माझ्या दुरुस्त्यांचा पार विचका होतो. लॅपटॉप एक, त्यातला लिहायचा प्रोग्रॅम लिब्रेऑफिस एक, आणि डीफॉल्ट मात्र जो शेवटी बसला त्याचं. म्हणून लिहूनच पाठवतेय. बाबा, शेवटपर्यंत वाचा, मधेच उठून काही बदलायला जाऊ नका.

आधी एक भीती घालवते. हे डीफॉल्ट वाटतं तेवढं मोठं प्रकरण नाही. नवीन कोरी फाइल तुम्ही पहिल्यांदा सेव्ह करता, तेव्हा पुढे आलेल्या खिडकीत कोणता प्रकार आधीपासून निवडलेला असेल, एवढंच ते ठरवतं. आधीची फाइल उघडून सेव्ह केलीत तर ती ज्या फॉरमॅटची होती त्यातच राहते. त्यामुळे आई, बाबांनी सेटिंग फिरवलं म्हणून तुझी एकही जुनी फाइल बिघडलेली नाही. बिघडल्या असतील तर त्या नंतर नव्याने सुरू केलेल्या.

सेटिंगची जागा: टूल्स, त्यात ऑप्शन्स, डावीकडच्या यादीत लोड/सेव्ह, त्याखाली जनरल. तिथे खाली ‘डॉक्युमेंट टाइप’ आणि ‘ऑलवेज सेव्ह ॲज’ असे दोन रकाने आहेत. पहिल्यात ‘टेक्स्ट डॉक्युमेंट’ ठेवायचं आणि दुसऱ्यात हवा तो प्रकार निवडायचा. हिशेबाच्या तक्त्यांचं डीफॉल्ट वेगळं असतं, पहिला रकाना बदलला की दिसतं. त्याच्याशी आपल्याला काही देणंघेणं नाही. तिथेच ओडीएफची, म्हणजे लिब्रेऑफिसच्या स्वतःच्या फॉरमॅटची, आवृत्ती विचारणारा आणखी एक रकाना आहे. बाबा, तो आहे तसाच राहू द्या. कुणाकडे मायक्रोसॉफ्ट वर्ड असेल तर हेच काम फाइल, ऑप्शन्स, सेव्ह इथे होतं, आणि तिथे लिब्रेऑफिसचं ओडीटीसुद्धा डीफॉल्ट करता येतं.

सेव्ह करताना दर वेळी जी खिडकी ‘याच फॉरमॅटमध्ये ठेवू का?’ असं विचारते, तीही इथलीच. फाइल ओडीएफमध्येही नाही आणि तुमच्या डीफॉल्टमध्येही नाही, असं दिसलं की ती येते. डॉकएक्स, म्हणजे वर्डचा आताचा प्रकार, डीफॉल्ट केलं की डॉकएक्स फाइलपुरती ती आपोआप गप्प बसते. नुसती खिडकी बंद करण्याची खूणही आहे, पण मला ती काढलेली आवडत नाही. काहीतरी निसटू शकतं हे सांगणारी ती एकटीच आहे.

आता बाबांच्या डॉककडे येते. बाबा, तुमचा मुद्दा पंधरा-वीस वर्षांपूर्वी बिनतोड होता. वर्ड 97 पासून 2003 पर्यंत सगळं जग डॉकमध्येच लिहीत होतं. पण 2007 च्या आवृत्तीपासून खुद्द मायक्रोसॉफ्टने ती मागे टाकून डॉकएक्स डीफॉल्ट केलं. आज वर्डमध्ये डॉक उघडली की वर फाइलच्या नावाशेजारी ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ लिहिलेलं येतं, म्हणजे नव्या सोयी बंद ठेवून जुन्याच्या चालीने चाललंय. आईची अडचण नेमकी इथलीच. शेऱ्याला दिलेलं उत्तर, ‘हे झालं’ अशी खूण, हे सगळं डॉकनंतर आलेलं आहे. डॉकमध्ये सेव्ह केलं की कोणतं उत्तर कोणत्या शेऱ्याचं, ते नातंच राहत नाही. वर डॉकच्या पोटात मॅक्रो, म्हणजे आपणहून चालणारे छोटे प्रोग्रॅम, राहू शकतात, त्यामुळे अनोळखी पत्त्यावरून आलेल्या डॉककडे ईमेलवाले संशयाने बघतात. डॉकएक्समध्ये मॅक्रो ठेवताच येत नाहीत, त्यासाठी डॉकएम असा वेगळा प्रकार आहे. तेव्हा ‘कुठेही उघडते’ हे अजून खरं असलं, तरी नवीन काही डॉकमध्ये सुरू करायला कारण उरलेलं नाही. या मुद्द्यावर मी आईच्या बाजूने.

पण म्हणून सगळंच डॉकएक्स करा, असंही मी म्हणणार नाही. बाबांचं आठवणींचं लिखाण लिब्रेऑफिसच्या रायटरमध्येच वाढलंय. प्रत्येक प्रकरणाला वेगळं शीर्ष, फोटोंची पानं आडवी, पहिल्या पानावर आकडा नाही. हे सगळं तुम्ही पेज स्टाइल, म्हणजे पानाच्या मांडणीचे नाव दिलेले नमुने, वापरून केलंय, आणि छान केलंय. वर्डमध्ये पेज स्टाइल असा प्रकारच नाही, तिथे सेक्शन, म्हणजे फाइलचे भाग, असतात. डॉकएक्समध्ये सेव्ह करताना रायटर तुमच्या पेज स्टाइलचे सेक्शन करतो, आणि तीच फाइल परत उघडली की तुम्ही दिलेली नावं जाऊन ‘कन्व्हर्टेड1’, ‘कन्व्हर्टेड2’ अशा स्टाइल दिसू लागतात. पानं साधारण तशीच दिसतात, पण पुढच्या वेळी ‘फोटोंचं पान’ शोधायला गेलात तर सापडणार नाही. एवढं मोठं हस्तलिखित दर बसण्याला अशा भाषांतरातून काढायचं कशाला? बाबांच्या लिखाणाचं घर ओडीटीच.

बाबा मागे विचारत होते, या लोकांना एकच फॉरमॅट ठरवता आला नाही का. प्रयत्न झाला होता. ओडीएफ हे खुलं मानक ओॲसिस या संस्थेने 2005 मध्ये मान्य केलं, 2006 मध्ये ते आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक-संस्थेचं मानक झालं. ओडीटी हा त्यातलाच मजकुराचा प्रकार. मायक्रोसॉफ्टने त्यावर न येता आपलं ओओएक्सएमएल आणलं, डॉकएक्स त्यातलंच. ते एक्मा या मानक-संस्थेने 2006 च्या डिसेंबरमध्ये मान्य केलं, त्याचा दस्तऐवज 6,000 हून जास्त पानांचा, आणि बऱ्याच वादावादीनंतर 2008 मध्ये तेही आयएसओचं मानक झालं. म्हणजे मानकंच दोन. आज वर्ड ओडीटी उघडतं आणि रायटर डॉकएक्स उघडतो, पण दोघंही परक्या फॉरमॅटमध्ये सेव्ह करताना बजावतात की सगळं तसंच राहील याची हमी नाही. मला विचाराल तर 2006 मध्येच एकावर थांबायला हवं होतं. पण मला कोण विचारतंय.

बाबा, तुम्हाला यंत्र उघडून बघायची सवय आहे म्हणून एक गंमत सांगते. आठवणींच्या फाइलची एक प्रत करा (मूळ फाइल नको), तिच्या नावातलं शेवटचं ओडीटी पुसून तिथे झिप लिहा आणि उघडा. आत ‘कंटेंट’ नावाची एक्सएमएल फाइल दिसेल, त्यात तुमची वाक्यं कोनी कंसांच्या मधे शब्दशः वाचता येतील. शेजारी ‘पिक्चर्स’ नावाच्या फोल्डरमध्ये तुम्ही घातलेले सगळे फोटो सुटे पडलेले असतील. डॉकएक्सचंही तसंच: आत ‘वर्ड’ नावाचं फोल्डर, त्यात ‘डॉक्युमेंट’ नावाची फाइल आणि फोटोंसाठी ‘मीडिया’. कधी फाइल रुसली आणि उघडेना, तर निदान फोटो आणि मजकूर या वाटेने बाहेर काढता येण्याची आशा असते. जुन्या डॉकच्या आत असं सरळ हात घालून बघण्याची सोय नाही.

यावरून आठवलं. नावाचं शेपूट बदलून फाइलचा प्रकार बदलत नाही. ओडीटीच्या नावापुढे डॉक लिहिलं तर आत ओडीटीच राहते, समोरच्याचं वर्ड मात्र गोंधळतं. प्रकार बदलायचा तर ‘सेव्ह ॲज’ करूनच. विंडोज ही शेपटं लपवून ठेवतं, म्हणून एकाच नावाच्या दोन फाइल दिसून आई गोंधळते. फोल्डरच्या खिडकीत व्ह्यू, मग शो, त्यात ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’वर खूण करा. माझ्या मते डीफॉल्ट बदलण्याआधी हेच करायला हवं.

‘समोरच्याकडे पानं सरकतात’ या तक्रारीचा मात्र फॉरमॅटशी संबंध थोडाच. ओडीटी असो की डॉकएक्स, फाइलमध्ये सहसा फॉन्टचं फक्त नाव जातं, फॉन्ट जात नाही. तो समोरच्या संगणकावर नसला की दुसरा लागतो, अक्षरं थोडी रुंद होतात, ओळी वाढतात आणि फोटो पुढच्या पानावर ढकलला जातो. देवनागरीत हे फार जाणवतं. फाइल, प्रॉपर्टीज, फॉन्ट इथे फॉन्ट सोबत पाठवायची खूण आहे. फाइल जड होते, पण चालतं. बाबांच्या काही जुन्या फाइल युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीची एकच सांकेतिक पद्धत, येण्याआधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या आहेत. त्यांत आत रोमन अक्षरंच असतात, फॉन्ट फक्त त्यांना मराठी रूप देतो. त्या कोणत्याही फॉरमॅटमध्ये सेव्ह केल्या तरी सुधारणार नाहीत, त्यांचा मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागेल. ते काम माझ्याकडे द्या.

ज्यांना नुसतं वाचायचंय त्यांना पीडीएफ पाठवायची, त्यात फॉन्टचा घोळ नसतो. बाबांसाठी एक खास सोय: पीडीएफ एक्सपोर्ट करताना ‘हायब्रिड पीडीएफ’ असा एक पर्याय दिसतो. तो निवडला की पीडीएफच्या पोटात मूळ ओडीटीही जाते. इतरांना साधी पीडीएफ दिसते, तुम्ही तीच लिब्रेऑफिसमध्ये उघडलीत तर दुरुस्त करता येते.

आता निकाल. आईचं काम म्हणजे दुसऱ्यांचं लिखाण तपासून परत पाठवणं, आणि ती सगळी मंडळी वर्डवाली. तिचं डीफॉल्ट डॉकएक्स. बाबांचं ओडीटी. लिब्रेऑफिसची सेटिंग्ज प्रत्येक वापरकर्त्याच्या खात्यात वेगळी राहतात, म्हणून लॅपटॉपवर आईच्या नावाचं स्वतंत्र खातं उघडा. ती तिच्या खात्यातून आली की तिचं डीफॉल्ट, बाबा आले की त्यांचं. नवीन खातं उघडेपर्यंत डीफॉल्ट ओडीटीवर ठेवा. आई, तू एक रिकामी फाइल डॉकएक्समध्ये सेव्ह करून तिला ‘कोरी’ नाव दे. नवीन काही लिहायचं असलं की तिची प्रत काढायची, नाव बदलायचं आणि लिहायला लागायचं. प्रत डॉकएक्सच राहील, डीफॉल्ट काहीही असो.

बाबांच्या जुन्या डॉक फाइलींसाठी फाइल मेनूत विझार्ड्सखाली ‘डॉक्युमेंट कन्व्हर्टर’ आहे. एक अख्खं फोल्डर दाखवलं की त्यातल्या मायक्रोसॉफ्टच्या फाइलींच्या ओडीएफ प्रती तो करून देतो, मूळ फाइल जागेवरच राहतात. प्रती वेगळ्या फोल्डरमध्ये टाका, आणि त्या उघडून, पानं पाहून होईपर्यंत मूळ फाइल पुसू नका. टिपा आणि तक्ते आधी बघा, बदलताना घोळ झालाच तर तिथेच होतो.

बाबा, खातं उघडताना पासवर्ड आईलाच ठरवू द्या. झालं की दोघांनी एकेक नवी फाइल मला पाठवा, शेपटं बरोबर आहेत का ते मी बघून सांगते.

तुमची,
लेक