भोगीला लागलं, कळलं महाशिवरात्रीला

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या आरोग्याच्या पानावर हार्टबद्दल कायम काही ना काही असतं, मेंदूचा नंबर लागला की मात्र अक्रोड खा आणि बदाम भिजवा एवढंच. आमच्या घरात जे झालं त्यावरून वाटलं की थोडं वेगळं पण छापून यायला पाहिजे, म्हणून लिहितोय, लांबलं तर कात्री लावा.

आमचे अण्णा 78 वर्षांचे. तुमच्या पेपरातलं शब्दकोडं चहा संपायच्या आत सोडवणारा माणूस, तो फेब्रुवारीत एकच पान तासभर धरून बसायला लागला. चालताना डाव्या पायातली चप्पल मागे राहायची आणि ते तसेच पुढे जायचे, लक्षातच यायचं नाही त्यांच्या. डोकं जड वाटतं म्हणायचे. जवळच्या डॉक्टरांनी ताकदीच्या गोळ्या दिल्या, पाहुण्यांनी "वय झालं आता, असं होणारच" म्हणून सांगितलं, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही ते पटलं, कारण सोयीचं होतं. महाशिवरात्रीला देवळाच्या पायरीवर बसले ते उठताच येईना, तेव्हा गाडीत घालून शहरात नेलं. तिथल्या डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न, "काकांना गेल्या दोनेक महिन्यात डोक्याला कुठं लागलं होतं का?" आम्ही सगळे नाही नाही म्हणतोय तोवर आई म्हणाली, "ह्यांना गोठ्याची चौकट लागली होती की, भोगीच्या दिवशी." साधं टेंगूळसुद्धा आलं नव्हतं हो. हळद लावून अण्णा धार काढायला बसले होते.

सीटी स्कॅनवर कवटीच्या आतून उजव्या बाजूला चंद्रकोर चिकटल्यासारखी दिसत होती आणि मेंदूची मधली रेघ पार डावीकडे सरकलेली. ते साठलेलं जुनं रक्त होतं.

आता हे होतं कसं ते डॉक्टरांनी केस पेपरच्या पाठीमागे चित्र काढून सांगितलं. मेंदू म्हणजे खरवसासारखा मऊ, वजन साधारण 1400 ग्रॅम, तो कवटीत नुसता ठेवला असता तर स्वतःच्याच वजनाने खालून चेपला असता. पण तो पाण्यात तरंगतोय, आणि त्या पाण्यात त्याचं वजन भरतं 50 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे छटाकभर पण नाही! हे पाणी मेंदूतल्या पोकळ्यांत रक्तातूनच तयार होतं, दिवसाला जवळपास अर्धा लिटर, आणि एका वेळी आत असतं फक्त 150 मिलीच्या आसपास, बाकीचं परत शिरांमधून रक्तात जातं, म्हणजे दिवसातून तीन-चार वेळा सगळं पाणी बदलतं. (हेच पाणी खाली पाठीच्या कण्यातही असतं, आणि तपासायला ते पाठीतून सुईने काढलं की माणूस लुळा होतो असं आमच्याकडे सर्रास म्हणतात. मज्जारज्जू कमरेच्या वरच संपतो, सुई त्याच्या खाली घालतात, आणि काढलेलं 10 मिली पाणी अर्ध्या तासात परत तयार होतं. अण्णांना ती सुई लागली नाही, पण शेजारच्या बेडवरच्या मुलाची आजी ह्याच भीतीने सही करू देत नव्हती म्हणून लिहिलं.)

तर वय वाढलं की मेंदू थोडा आक्रसतो, कवटी आहे तेवढीच, मग मधली जागा वाढते. मेंदूवरून वरच्या जाड आवरणाकडे जाणाऱ्या बारीक शिरा असतात त्या ताणून बसतात, कपडे वाळत घालायच्या दोरीसारख्या, आणि बारीकसा हिसका बसला तरी एखादी तुटते. शिरेतल्या रक्ताला जोर नसतो त्यामुळे ते थेंब थेंब झिरपतं, त्याच्याभोवती पापुद्रा धरतो, पापुद्र्यातल्या नाजूक वाहिन्या परत झिरपतात, असं करत आठवडे जातात. अण्णांना स्टेंट टाकल्यापासून रक्त पातळ राहायची गोळी चालू आहे, ते आणखी एक निमित्त.

लकवा म्हणजे झटका एवढंच आपल्याला माहिती असतं. तो खराच झटक्यात येतो, कारण तिथे रक्त आत जायची वाट बंद होते. मानेतून चार नळ वर जातात, दोन पुढून दोन मागून, मेंदूच्या तळाशी त्यांचं कडं होतं, इंग्लंडच्या थॉमस विलिसने 1664 मध्ये पुस्तकात दाखवलं म्हणून त्याचंच नाव आहे त्याला. एक नळ तुंबला तर कड्यातून दुसरीकडचं रक्त येऊ शकतं, पण बऱ्याच जणांचं कडं जन्मापासूनच अर्धवट असतं, आणि कड्याच्या पुढच्या फांदीत गुठळी अडकली तर मग मिनिटं मोजायची, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. ह्यावर निदान बोर्ड तरी लागतात दवाखान्यात. अण्णांसारख्या हळू येणाऱ्या दुखण्याचा बोर्ड मी कुठे पाहिला नाही.

ऑपरेशन म्हणाल तर कवटीला दोन भोकं. ट्रॅक्टरचं जळकं ऑइल निघतं ना तसलं काळं निघालं, नळी दोन दिवस ठेवली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी आधी माझ्याकडे आणि मग घड्याळाकडे बघून विचारलं, "म्हशीला वैरण कोणी टाकली?"

माझी विनंती एवढीच की म्हाताऱ्या माणसाला डोक्याला किरकोळ लागलं तरी कॅलेंडरवर तारीख लिहून ठेवा, आणि पुढच्या दोन-तीन महिन्यात चाल, बोलणं, झोप काही बदललं तर ती तारीख डॉक्टरांना सांगा, हे दोन ओळीत चौकट करून छापा. अक्रोडाच्या शेजारी छापलं तरी चालेल.

गोठ्याच्या चौकटीला सध्या सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून ठेवलीय. अण्णांना ती आवडलेली नाही.

आपला,
एक नेहमीचा वाचक, जि. सातारा