गायकवाड म्हणजे बडोद्याचे का?

पंचवटी, नाशिक
१८ मार्च

प्रिय पंढरी,

तुझं पत्र येऊन महिना झाला, उत्तराला उशीर झाला. शिव्या घालायच्या असतील तर आल्यावर घाल.

गेल्या आठवड्यात भाचीच्या शाळेचं स्नेहसंमेलन होतं, भाभानगरच्या गायकवाड सभागृहात. पायऱ्या चढताना तिनं विचारलं, "मामा, हे गायकवाड म्हणजे बडोद्याचे का?" मी "नाही गं, आपल्याकडचेच" म्हणून वेळ मारून नेली. पण खरं सांगतो, लाज वाटली. त्या सभागृहात किती कार्यक्रमांना गेलो असेन, पण पाटीवरच्या 'कर्मवीर दादासाहेब' या शब्दांपाशी कधी थांबलो नाही.

घरी येऊन वाचायला बसलो. दादासाहेब म्हणजे भाऊराव कृष्णराव गायकवाड, जन्म १९०२ चा, दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचा. म्हणजे तुझ्याच तालुक्यातला रे! २ मार्च १९३० ला अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा समितीचा चिटणीस हाच, वय सत्तावीस. बाबासाहेब आले, सभा झाली, मोर्चा निघाला आणि देवळाचे दरवाजे बंद झाले. पुढारी परत जातात, चिटणीस मागे राहतो. रोज दारात कोण बसणार, पकडून नेलेल्यांच्या घरी चूल पेटते की नाही, हे सगळं त्याच्या गळ्यात. आणि हे पाच वर्षं. १९३४ च्या मार्चमध्ये बाबासाहेबांनी त्यालाच लिहिलं, की आपले लोक मूर्तिपूजक व्हावेत म्हणून मी हा लढा उभारला नव्हता, त्यांना स्वतःच्या स्थितीची जाणीव व्हावी म्हणून उभारला. चार वर्षं दारात बसलेल्या माणसानं ते पत्र कसं वाचलं असेल, याचाच विचार करतोय मी.

खासदारकीचं म्हणशील तर लोकसभेत एकच खेप, १९५७ ते ६२, नाशिकमधून. पुढची सहा वर्षं राज्यसभा. म्हणूनच जुना खासदार कोण विचारलं की आपल्याकडे यशवंतरावांचं नाव येतं. संरक्षणमंत्री असताना १९६३ च्या पोटनिवडणुकीत ते इथून बिनविरोध गेले आणि पुढं ओझरला मिग विमानांचा कारखाना आला. कारखाना डोळ्यांना दिसतो. दादासाहेबांनी मागितली ती पडीक सरकारी जमीन, भूमिहीनांसाठी. तिची कोनशिला कुठं बसवणार?

मला सगळ्यात आवडलं ते हे, की खासदार झाल्यावरही गडी रस्त्यावरच. १९५९ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह केला तो लोकसभेत असताना. ६ डिसेंबर १९६४ ला पुन्हा, या वेळी देशभर. लाखोंनी लोक तुरुंगात गेले. त्या मागण्यांमध्ये जमिनीबरोबर आणखी एक होती: संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचं तैलचित्र लावा. ते लागलं १९९० मध्ये. दादासाहेब १९७१ च्या डिसेंबरातच गेले होते. मधे १९६८ ला पद्मश्री तेवढी मिळाली.

हे वाचताना तुझे आजोबा आठवले. 'भूमिहीनांच्या सत्याग्रहात मी आत होतो' म्हणायचे आणि आपण दोघं विचारायचो काय, तर तुरुंगात जेवायला काय देतात! तेही भाकरीचीच गोष्ट सांगत बसायचे, दातात अडकलेल्या खड्यासकट. नशीब आपलं. आत कुठल्या साली होते, किती दिवस, सोबत कोण होतं, यातलं एकही विचारलं नाही.

त्यांची ती पत्र्याची पेटी अजून माळ्यावर आहे का? वहिनींना सांग, उंदरांनी संपवायच्या आत खाली काढून ठेवा म्हणावं. चैत्रात काळारामाच्या रथाला तू येशीलच. दुसऱ्या दिवशी माझ्या गाडीवरून आंब्याला जाऊन येऊ, भाचीलाही घेऊ. पेट्रोल तुझं.

तुझा,
दिगू