अर्धं अर्धं वाचू नका

ती. आई आणि ती. बाबा,

सा. न. वि. वि.

परवा आईशी फोनवर बोलत होते तेव्हा मागून बाबांचा आवाज येत होता. शेजारच्या काकांना सांगणं चाललं होतं, "लेकीने विज्ञानावर पुस्तक लिहिलंय, मंगळाबद्दल." आणि इकडे आई आवाज बारीक करून मला विचारत होती, "शेवटी लग्न होतं ना गं त्यांचं? तेवढं सांग. मधली आकडेमोड मी सोडून दिली."

म्हणजे 224 पानांचं पुस्तक तुम्ही दोघांनी वाटून घेतलंत. बाबांनी प्रेम गाळलं, आईने मंगळ गाळला. पण ही विज्ञानकादंबरीही आहे आणि प्रेमकथाही, आणि एकातून दुसरं काढता येत नाही. एका प्रकाशकांनाही ते पटलं नव्हतं. "दुकानदार कुठल्या कपाटात ठेवणार?" हा त्यांचा प्रश्न. मग मी स्वतःच छापायचं ठरवलं.

बाबा, तुम्ही सुचवलं होतंत की टोपणनाव घे, नारळीकरांनीही घेतलं होतं. घेतलं होतं, खरंच. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी नारायण विनायक जगताप या नावाने कथा पाठवली. स्वतःचीच आद्याक्षरं उलटी करून. पण मोठं नाव बघून परीक्षकांनी झुकतं माप देऊ नये, यासाठी ते होतं. माझ्या नावाला कोण झुकतं माप देतंय? तुम्हाला काळजी होती ती पान 209 ची आणि आत्यांची. तर आत्यांनी ते पान वाचलंय. दोनदा, असं वहिनी म्हणाली.

आता हे सगळं आलं कुठून ते सांगते. खोडदहून आलं, तिथल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीवरून. लहानपणी तुमच्या मागे लूनावर बसून त्या तबकड्या उभ्या राहताना बघितल्या, त्या डोक्यातून गेल्याच नाहीत. 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना, त्याही पत्र्याच्या नव्हे, तारेच्या जाळीच्या; ही दुर्बीण उभारणाऱ्या गोविंद स्वरूपांनी जाळीवर काम भागवून खर्च कसा खाली आणला, हे तुम्ही दर 28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, मुलांना समजावायचात. तेव्हा मला त्यात फार रस नव्हता. मला प्रश्न पडायचा तो आत रात्रपाळीला बसणाऱ्या माणसांचा. ती घरी येऊन बोलत काय असतील?

19 ऑक्टोबर 2016 ला युरोपीय अंतराळ संस्थेचं स्कियापारेली नावाचं यान मंगळावर उतरत होतं. त्याचा क्षीण रेडिओ संदेश आपली खोडदची दुर्बीण ऐकत होती. संदेश आला, चालू राहिला आणि यान टेकायच्या थोडं आधी बंद पडला. नंतर कळलं, यान आदळलं होतं. त्या दिवशी मंगळ इतका लांब होता की संदेशाला इथे पोचायला सुमारे पावणेदहा मिनिटं लागत होती, आणि वातावरणात शिरल्यापासून उतरायला यानाला लागणार होती सहाएक मिनिटं. म्हणजे यान वातावरणात शिरताना इथल्या लोकांना ऐकू आलं तेव्हा तिकडे सगळं होऊन गेलेलं होतं. हे वाचलं तेव्हा मी लोकलमध्ये होते. ठाणं कधी गेलं ते कळलं नाही.

त्या यानाच्या जागी एक माणूस ठेवला आणि ऐकणाऱ्यांत एक बाई. बस.

त्यानंतर सगळं तुमच्या विषयातलं, बाबा. मंगळ जवळ असतो तेव्हा साडेपाच कोटी किलोमीटरवर, लांब जातो तेव्हा चाळीस कोटींवर. प्रकाशाला तीन मिनिटांपासून बावीस मिनिटांपर्यंत लागतात, आणि फक्त एका बाजूने. मंगळ लांब असेल तेव्हा "जेवलास का?" याचं उत्तर यायला पाऊण तास. शिवाय मंगळाचा दिवस आपल्यापेक्षा साडेएकोणचाळीस मिनिटांनी मोठा, त्यामुळे तिची सकाळ आणि त्याची सकाळ रोज थोडी थोडी सरकत जाते आणि साधारण 37 दिवसांनी पुन्हा जुळते. एका वहीत मी दोन रकाने आखले होते: पाठवलं कधी, पोचलं कधी. बँकेत लेजर सांभाळायची सवय इथे उपयोगी पडली. हा हिशेब चुकला असता तर बाकी कितीही गोड लिहिलं तरी तुम्ही पुस्तक मिटून ठेवलं असतंत.

आई, तुझ्यासाठी या आकड्यांत काय आहे ते ऐक. त्या दोघांचं भांडण होतं. ती रागाच्या भरात एक लागट वाक्य बोलते आणि पाठवून देते. मिनिटभरात पस्तावते आणि माफी मागते. पण दोन्ही निरोप प्रकाशाच्याच वेगाने निघालेत. माफी कितीही जीव तोडून पळाली तरी त्या वाक्याला गाठू शकत नाही. सबंध वाटभर एक मिनिट मागेच राहणार. तिला ठाऊक आहे की आणखी एकोणीस मिनिटांनी ते वाक्य त्याच्या कानात पडणार, आणि तिला ते थांबवता येत नाही. तू गाळलेल्या पानांत हे आहे. गणित दिसलं म्हणून उलटू नकोस.

आणि यातलं खरं अवघड काम त्यानंतर सुरू झालं. आपल्या घरात प्रेम कुणी बोलून दाखवत नाही. तुमचं वाजलं की बाबा तासाभराने स्वयंपाकघरात येतात, काही न बोलता विळी घेतात आणि नारळ खवून देतात. आई त्यांच्या ताटात भाकरी वाढते ती पापुद्र्याची बाजू वर करून. झालं, मिटलं. मी लिहायला बसले तेव्हा लक्षात आलं की माझा नायकही असाच, जुन्नर तालुक्यातला. त्याला हातांनीच सांगता येतं. आणि मी त्याला अशा जागी नेऊन बसवलंय की तिथून नारळ खवता येत नाही, गाडी पुसून ठेवता येत नाही, औषध आणून देता येत नाही. तिथून फक्त बोलता येतं. ज्याने आयुष्यात मनातलं ओठांवर आणलं नाही, त्याच्याकडे आता ओठांवाचून काहीच नाही.

पहिल्या खर्ड्यात मी त्याला बोलता केला, तर तो मालिकेतल्या हिरोसारखा बोलायला लागला. सगळं फाडलं. मग तो तिला आकडे सांगू लागला. आज बाहेर उणे साठ. धूळ इतकी. मटाराला तिसरं पान आलं. ती ते ऐकते आणि तिला कळतं. त्याला खरं बोलायला मी पान 120 पर्यंत थांबवलंय. तेही तेव्हाच, जेव्हा मंगळ सूर्याच्या पलीकडे जातो. हे खरंच होतं. साधारण 26 महिन्यांनी एकदा सूर्य मध्ये येतो आणि दोनेक आठवडे यानांना आज्ञा पाठवणं थांबवतात. मंगळावर आणखी एक मुक्काम करायचा की परतायचं, हे कळवायची मुदत मी नेमकी त्या दिवसांत टाकली. विचारायला ती नाही. दुष्टपणा आहे, मान्य. पण खलनायक ठेवायचा नव्हता, त्यामुळे ते काम सूर्याला दिलं.

आता पान 209. बाबा, ते पान विज्ञानाचंच आहे. मंगळाचं गुरुत्वाकर्षण आपल्या 38 टक्के. तिथे इतकी वर्षं काढून परत आलेल्या माणसाला स्वतःचंच वजन पेलवत नाही. तो उभा राहतो आणि गुडघे वाकतात. ती त्याला धरते. दोनशे पानं नुसतं बोलत राहिलेली ही दोघं त्या पानावर एक शब्द बोलत नाहीत. पुढे जे होतं ते होतं. आत्यांना चालतं तर तुम्हाला का चालू नये?

आणि आई, लग्न. प्रेमकादंबरी वाचणाऱ्याला शब्द दिलेला असतो की ती दोघं एकत्र राहतील, आणि तो मी पाळलाय. मांडव मात्र नाही. अक्षता तुझ्या तू टाक.

छपाईचं थोडक्यात, कारण बाबा पैशांचं विचारणारच. ऑफसेटला सोळा पानं एका मोठ्या कागदावर एकत्र छापतात, तो एक फर्मा. मजकूर 229 पानांवर जात होता, म्हणजे पाच पानांसाठी आख्खा फर्मा वाढणार. म्हणून नायिकेच्या ऑफिसातला एक प्रसंग गेला. बरंच झालं, तो रटाळच होता. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, सरकारकडून फुकट मिळतो. विक्रेते किमतीच्या 40 टक्के मागतात, त्यामुळे 300 रुपयांच्या प्रतीमागे हातात 180 येतात आणि त्यातून कागद, छपाई, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ वजा. नफ्याचं नाव काढू नका. दिवाळीच्या बोनसमधून केलंय, कर्ज नाही. 1954 च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने काही प्रती ठरावीक ग्रंथालयांना स्वखर्चाने पाठवायच्या असतात, आणि आता प्रकाशक मीच. त्यामुळे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा पत्ता मी स्वतः पाकिटावर लिहिला. तेव्हा मात्र तुमची फार आठवण आली.

दहा प्रती एसटीच्या पार्सलने पाठवतेय. बाबा, फुकट वाटू नका. काकांकडूनसुद्धा पैसे घ्या, आणि विज्ञानावर आहे म्हणून विकू नका, नाहीतर पान 209 नंतर ते परत आणून देतील. आईचा चष्म्याचा नंबर वाढलाय, तेव्हा ते दोन रकान्यांचं प्रकरण तुम्ही तिला वाचून दाखवा. तिला प्रश्न पडले तर उत्तरं द्या. "ते तुला कळायचं नाही" असं म्हणू नका.

पुढच्या शनिवारी येते. रविवारी रात्रीच्या गाडीने परत.

तुमची लेक