परज नाही, चकती नाही, तरी सामुराई?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला माळ्यावरच्या 'सामुराई' तलवारीचा लेख वाचला. मालकांचा आनंद समजू शकतो. ट्रंकेत सापडलेल्या वस्तूबद्दल घरच्यांना काय वाटेल ते वाटो, पण छापण्याआधी कोणीतरी फोटो नीट पाहायला हवा होता. जपानी तलवारीत पाते आणि मूठ यांच्यामध्ये धातूची चकती असते, मूठ बहुधा फितीने आवळलेली असते. तुमच्याच फोटोत चकती नाही, परज (मुठीवर हात राखणारा आडोसा) नाही, मूठ गोल नळीसारखी आणि तिच्यावर चांदीचा पत्रा. म्यानाला चांदीच्या पट्ट्या नि खांद्याला अडकवायची दोरी. नुसता पात्याचा बाक पाहून जपान गाठायचा, तर आमच्या कोयत्यालाही सामुराईच म्हणावे लागेल.

ही ब्रह्मदेशाकडची धा, म्हणजे तिकडची बाकदार तलवार आहे. मंडालेची, शान टेकड्यांतली की उत्तर सयामची, हे मुठीची आणि म्यानाची नक्षी हातात घेऊन पाहिल्यावरच सांगता येईल, कारण पात्याचा घाट या सगळ्या मुलखात बराचसा सारखा. पण जपान? छे!

मी इतका तडकण्याचे कारण आमच्या घरात आहे. आजोबा रंगूनला नोकरीला होते (ब्रह्मदेश 1937 पर्यंत हिंदुस्थानचाच प्रांत होता, हे लेखकाला ठाऊक असेल अशी आशा). त्यांनी आणलेल्या धाच्या पात्यावर काळ्या जमिनीवर चांदी ठोकून वेली आणि घोडेस्वार काढलेत. पाठीलगत गोल गोल बर्मी अक्षरांची एक ओळ आहे आणि तिच्यात साल आहे 1254. बर्मी सनात 638 मिळवले की इसवी सन निघतो, म्हणजे 1892. ब्रह्मदेशच्या शेवटच्या राजाला, थिबाला, पदच्युत करून सात वर्षे झाली होती. वस्तू स्वतःच आपले गाव आणि वय सांगतेय, आणखी काय हवे?

काही वर्षांपूर्वी शिवजयंतीच्या शस्त्रप्रदर्शनासाठी गावातल्या एका मंडळाने ती मागून नेली. मी सोबत कागदावर सगळे लिहून दिले होते. उद्घाटनाला गेलो तर समोर पाटी : 'शिवकालीन धोप'. धोप सरळ असते हो! कार्यकर्त्याला ती अक्षरे दाखवली, तर म्हणतो, "काका, ती मोडी आहे, आमच्याकडे वाचणारे आहेत." एवढ्यावर भागले नाही. चकचकीत दिसावी म्हणून कोणीतरी भांडी घासायच्या पावडरने पाते घासून ठेवले होते. चांदी उठून दिसते ती मागच्या काळ्या रंगामुळे. तो काळा रंगच गेल्यावर चांदी आणि पोलाद एकाच रंगाचे झाले. आता तो घोडेस्वार पाते खिडकीपाशी तिरके धरल्याशिवाय दिसत नाही. सालातला शेवटचा आकडा तर चाचपूनच ओळखायचा. मंडळाने मात्र शाल-श्रीफळ देऊन माझा सत्कार केला.

म्हणून तुमच्या लेखातल्या कुटुंबाला एवढेच कळवा की तलवार घासू नका आणि म्यान फेकू नका. जुने झाले म्हणून लोक पहिल्यांदा म्यानच टाकतात, आणि गावाचा पत्ता बहुतेक वेळा त्यावरच असतो.

सगळ्यात नवल याचे की आपल्या अंकाला रत्नागिरीची स्वतंत्र पाने आहेत. थिबाला इंग्रजांनी 1886 मध्ये रत्नागिरीलाच आणून ठेवले, 1910 मध्ये त्याच्यासाठी राजवाडा बांधून झाला आणि 1916 मध्ये तो तिथेच वारला. राजवाड्यात आज संग्रहालय आहे. ब्रह्मदेशाची आठवण कोकणातल्या कार्यालयात कोणालाच होऊ नये?

जाता जाता : माझे मागचे पत्र आपण असे छाटलेत की मी रुंदीकरणाच्या बाजूने आहे असे गावभर झाले. हे पत्र छापायचे तर पूर्ण छापा. आणि दुरुस्ती पुरवणीत, त्याच पानावर यावी. 'नावात बदल'च्या जाहिरातींखाली नको.

आपला,
एक जुना वर्गणीदार, दापोली